पिग्मी एजंटच्या फोनवर काय ठेवावं आणि काय काढावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. पतसंस्थेत डेस्कटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातलं पिग्मीचं, म्हणजे एजंटाने दारोदार जाऊन रोजची छोटी ठेव गोळा करण्याचं काम आता एजंटांच्या अँड्रॉइड फोनवर आणायचंय. डेस्कटॉपच्या एका फॉर्मवर वीस-बावीस रकाने आहेत. ते सहा-साडेसहा इंचांत कसे बसवायचे, बटणं किती मोठी ठेवायची, मराठीला कोणता फॉन्ट घ्यायचा, आणि पन्नाशी ओलांडलेले एजंट "दिसत नाही हो" म्हणतात त्यावर काय करायचं, असे चार प्रश्न तुम्ही विचारलेत.

हातात धरून वापरायच्या उपकरणांच्या स्क्रीन आखणं हाच माझा धंदा. दूध संकलन, मीटर रीडिंग, पिग्मी अशी कामं बरीच वर्षं करतोय. मापं, फॉन्ट, रंग सगळं खाली सांगतो. पण पहिल्या प्रश्नालाच माझी हरकत आहे. ते बावीस रकाने फोनवर बसवायचेच कशाला?

ते रकाने कॅशियरसाठी केलेले आहेत. कॅशियर खुर्चीत बसलेला असतो, डोक्यावर पंखा, हाताशी माउस, समोर कागद. एजंट किराणा दुकानाच्या काउंटरपाशी उभा असतो. दुकानदार गल्ल्यातून शंभराची नोट काढतो, तेवढ्यात गिऱ्हाईक "अर्धा किलो साखर" म्हणतं आणि त्याची पाठ वळते. एजंटच्या खांद्याला बॅग, उजव्या हातात नोटा, डाव्या हातात फोन. नोंद करायला त्याला मिळतात ते चार-पाच सेकंद, तेही उन्हात डोळे बारीक करून. तेवढ्या वेळात त्याला नॉमिनीचं नाव, खातं उघडल्याची तारीख, व्याजदर यातलं काहीही लागत नाही.

काय लागतं ते जुन्या पिग्मी कार्डावर छापलेलंच आहे. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली, तेव्हापासून दारोदारच्या वसुलीत खातेदाराकडे कार्ड किंवा पुस्तक ठेवायची रीत चालत आलीय. तुमच्या संस्थेचं कार्ड काढून पाहा. तारीख, रक्कम, शिल्लक, सही, याच्यापलीकडे फारसं काही सापडणार नाही. इतक्या वर्षांच्या वापरातून गाळून उरलेले रकाने आहेत ते. तुमची मुख्य स्क्रीन तिथून सुरू करा. डेस्कटॉपच्या फॉर्ममधून एकेक रकाना वगळत बसलात तर प्रत्येक रकान्यासाठी संस्थेत कुणीतरी "राहू द्या ना, कधीतरी लागेल" म्हणणारच.

पुढचं लिहिण्याआधी, कशाकशावर उत्तर बदलतं तेही सांगून टाकतो. फोन एजंटचा स्वतःचा की संस्थेने दिलेला? रोजची रक्कम ठरलेली असते की जमेल तशी? पावती छापून देणार की फक्त एसएमएस? एका एजंटकडे साठ खाती की चारशे? बाजारपेठेत नेटवर्क टिकतं का? हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून मी असं धरतो की फोन एजंटचे स्वतःचे आणि बेताच्या किमतीचे आहेत, बहुतेक खातेदार ठरलेली रक्कम देतात, आणि नेटवर्क येतं-जातं. यातलं काही वेगळं असेल तर त्या त्या ठिकाणी फरक करून घ्या.

सुरुवात यादीपासून. डेस्कटॉपवर खाती नावानुसार किंवा खाते क्रमांकानुसार लागलेली असतात. एजंटच्या डोक्यात मात्र ती वाटेनुसार लागलेली असतात: स्टँडसमोरचं मेडिकल, मग चप्पलवाला, मग गल्लीतले दोन टेलर, मग भाजी मंडई. यादी त्याच क्रमाने लावा आणि क्रम बदलायची सोय एजंटलाच द्या. ज्याचं झालं तो खाली जाईल, पुढचा आपोआप वर येईल. एवढं केलंत की शोधायचं काम बहुतेक वेळा उरतच नाही. तुमच्या बावीस रकान्यांपैकी निम्मे "शोधा" या एका कामासाठीच असणार, असा माझा अंदाज आहे.

आता यादीतली एक ओळ जवळून बघू. आपल्याकडे संस्थेच्या दप्तरात आडनाव आधी लिहितात. फोनची रुंदी संपली की सॉफ्टवेअर ओळीचं शेपूट कापतं आणि पुढे तीन टिंबं देतं. मग यादी अशी दिसते: "पाटील दत्तात्रय…", "पाटील दत्तात्रय…", "पाटील दत्तू…". ज्या वडिलांच्या नावावरून दोन दत्तात्रय पाटील वेगळे ओळखायचे नेमकं तेच कापलं गेलं. सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही पेठेत ही अडचण रोजची. उपाय दोन. एक, नाव कापू नका, दुसऱ्या ओळीवर जाऊ द्या; ओळ उंच झाली तरी चालेल. दोन, एजंटला स्वतःची खूण लिहायला एक जागा द्या: "श्रीराम मेडिकल", "पंक्चरवाला", "बँकेखालचे". माझ्या अनुभवात एजंट ओळीतली ही खूणच आधी वाचतात आणि नाव फक्त खात्री करायला बघतात. म्हणून खूण ठळक, नाव तिच्याखाली, आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक उजव्या कडेला. दुसरं काही नको.

शोधायची खिडकी तरीही लागेल, चुकलेल्या-माकलेल्यांसाठी. तिथे आकडे टाकले तर खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकांवर शोधा, आणि रोमन लिपीत आडनाव टाइप केलं तरी देवनागरीतला पाटील सापडला पाहिजे. बरेच एजंट व्हॉट्सॲपवर मराठी रोमन लिपीतच लिहितात. त्यांना इथेच शुद्धलेखन शिकवायला बसू नका.

नावावर टॅप केलं की रक्कम टाकायची स्क्रीन. सगळ्यात जास्त वेळ या एका स्क्रीनवर खर्च करा, कारण पैशाची चूक झाली तर इथेच होते.

फोनचा नेहमीचा कीबोर्ड इथे उघडू देऊ नका. तो खालची निम्मी स्क्रीन खातो, त्याच्याखाली तुमचं "जमा करा" बटण झाकलं जातं, मग एजंट आधी कीबोर्ड बंद करतो आणि नंतर बटण शोधतो. त्याऐवजी स्क्रीनवरच आपला मोठा आकड्यांचा कीपॅड काढा: तीन रांगांत एक ते नऊ, चौथ्या रांगेत शून्य, दोन शून्य आणि खोडायचं बटण. दोन शून्यांचं बटण ऐच्छिक आहे. शंभर-पाचशेच्या पटीत रकमा येत असतील तर उपयोगी, पण एक शून्य जास्त पडायची भीती त्यानेच वाढते. अंकांचा क्रम फोनसारखा ठेवा, एक-दोन-तीन वर. कॅल्क्युलेटरवर सात-आठ-नऊ वर असतात. तुमचे एजंट आधी पिग्मीचं हातातलं मशीन वापरत असतील तर त्यावर कोणता क्रम होता ते बघून घ्या. बोटांना लागलेली सवय मोडायला फार दिवस जातात.

कीपॅडच्या वर एक रुंद बटण: "नेहमीचे ₹१००". ठरलेली रक्कम देणाऱ्या खातेदाराचं काम मग तीन दाबांत संपतं: नाव, "नेहमीचे" आणि "जमा करा". इथे एक बारकावा आहे. नेहमीची रक्कम रकान्यात आधीच भरून ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा. आधीच भरलेला आकडा डोळा वाचत नाही. खातेदाराने त्या दिवशी पन्नासच दिले तरी एजंट सवयीने पुढे दाबून मोकळा होतो आणि संध्याकाळी खिशातून पन्नास भरतो. बटणावरचा आकडा मात्र दाबायच्या आधी नजरेखालून जातो, कारण बोट तिथे न्यावं लागतं.

मग खात्री. "तुम्हाला नक्की खात्री आहे का? हो / नाही" अशी चौकट दाखवू नका. दिवसाला शंभर वेळा तीच चौकट आली तर आठवड्यात ती कुणाच्या डोळ्यांना दिसेनाशी होते आणि अंगठा आपोआप "हो"वर जातो. रक्कम आणि नाव मोठ्या अक्षरांत दाखवा आणि बटणावरच काय होणार ते लिहा: "₹१०० जमा करा". जास्तीची अडवणूक फक्त गडबडीचा वास आला तरच. रोज शंभर देणाऱ्याच्या नावावर हजार पडले तर थांबवा आणि विचारा: "नेहमी १००, आज १,०००?" दोन बटणं: "१,००० बरोबर", "बदला". क्वचितच दिसते म्हणून ही चौकट वाचली जाते.

दाबल्यावर काय होतं यावर मी पतसंस्थांशी सर्वांत जास्त वाद घातलाय. नेटवर्क नसतं, गोल चक्र फिरत राहतं, एजंट पुन्हा दाबतो, आणि सर्व्हरवर दोन नोंदी पडतात. महिनाअखेरीला खातेदार पासबुक घेऊन भांडायला येतो तेव्हा कुणालाच काही उमगत नाही. बटण दाबल्यापासून दशांश सेकंदाच्या आत स्क्रीनवर काहीतरी बदललं पाहिजे. त्याहून उशीर झाला की माणसाला वाटतं दाब लागलाच नाही. नोंद आधी फोनमध्येच साठवा, बटण लगेच निष्प्रभ करा, आणि रक्कम टाकायची स्क्रीन उघडताक्षणीच त्या नोंदीला एक अनन्य क्रमांक देऊन टाका. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने दुसरी नोंद करू नये. हे काम प्रोग्रामरचं आहे असं म्हणून डिझायनरने सोडून देऊ नये. स्क्रीनवर हे दोन टप्प्यांत दिसलं पाहिजे: फोनवर नोंदलं गेलं, आणि संस्थेत पोचलं. व्हॉट्सॲपमुळे एक टिक आणि दोन टिक सगळ्यांना कळतात, तीच खूण वापरा. यादीच्या वर "७ नोंदी पोचायच्या आहेत" अशी एक ओळ कायम दिसू द्या.

नोंद झाल्याचं कानालाही कळावं का? दुकानांतल्या क्यूआरच्या स्पीकरमुळे रक्कम ऐकायची सवय झालीय, म्हणून पुष्कळांना वाटतं ॲपनेही बोलावं. मी नको म्हणतो. क्यूआरवर पैसे दुकानदाराला येत असतात, ते चार लोकांनी ऐकले तरी त्याला चालतं. तो रोज किती बाजूला टाकतो हे शेजारच्या गिऱ्हाइकाला कशाला कळायला हवं? फोन एकदा थरथरला आणि बारीक टक वाजलं, पुरे.

इथवर मी मापाचं बोललोच नाही, ते मुद्दाम. यादी वाटेनुसार, ओळीत खूण, रक्कम मोठ्या कीपॅडवर, बटणावर कृती, आणि दाबल्याची लगेच पोच: एवढं ठरलं की कशाला किती जागा द्यायची हे सोपं होतं. आता आकडे.

बोटाने दाबायचं बटण निदान किती मोठं असावं? अँड्रॉइडचं सांगणं ४८ डीपी, ॲपलचं ४४ पॉइंट. वेब सुलभतेच्या नियमावलीच्या २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत किमान २४ पिक्सेल असं माप आहे, पण ते अगदी तळाचं. ते बघून पिग्मीचं ॲप करू नका. डीपी म्हणजे हिशेबाने इंचाचा एकशे साठावा भाग, त्यामुळे ४८ डीपी कागदावर ७.६ मिलिमीटर होतात. प्रत्यक्षात ७२० पिक्सेल रुंदीचे साडेसहा इंची स्वस्त फोन स्वतःला ३६० डीपी रुंद म्हणवतात, आणि त्यांच्या काचेची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर असते. म्हणजे तेच बटण तिथे नऊ मिलिमीटर भरतं. म्हणून डीपीवर विसंबू नका, फोनला पट्टी लावून मिलिमीटर मोजा.

किती मिलिमीटर हवेत? पारही, कार्लसन आणि बेडरसन या संशोधकांनी २००६ मध्ये एका हाताने अंगठा वापरणाऱ्यांवर अभ्यास केला. त्यात एकदाच दाबायच्या बटणाला ९.२ आणि लागोपाठ दाबायच्या बटणांना ९.६ मिलिमीटर लागतात असं आलं. कीपॅड म्हणजे लागोपाठ दाबणंच. मी कीपॅडचं प्रत्येक बटण किमान ६४ डीपी उंच ठेवतो, म्हणजे वरच्या फोनवर बारा मिलिमीटर. चार रांगांचे २५६ डीपी झाले. स्वस्त फोनचीही उंची आता सातशे-आठशे डीपी असते, मग वर नाव, रक्कम आणि "नेहमीचे" बटण ऐसपैस बसतं. स्क्रीनवर जागा नाही अशी तक्रार बावीस रकाने आणल्यावरच सुरू होते.

आता जागा. मोबाइल स्क्रीनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, थांब्यांवर, कॅफेत फोन वापरणाऱ्या १,३३३ लोकांची निरीक्षणं मांडली. स्क्रीनला हात लावणाऱ्यांपैकी ४९ टक्के एका हातानेच वापरत होते. बहुतेक डिझायनर त्यावरून उजवा अंगठा धरून चालतात. पिग्मी एजंटच्या बाबतीत ते लागू पडत नाही. उजव्या हाताला नोटा मोजायच्या असतात, पेन धरायचं असतं, त्यामुळे फोन डाव्या हातात आणि काम डाव्या अंगठ्याचं. डावखुऱ्याचं उलट. तेव्हा डावं-उजवं ठरवत बसू नका. मुख्य बटण तळाशी, पूर्ण रुंदीचं ठेवा. वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या मेनूला कुठल्याच अंगठ्याचा हात पोचत नाही. तळाशी तीनच टॅब द्या: आजची यादी, भरणा, माझं खातं.

मात्र बटण अगदी काठाला टेकवू नका. अँड्रॉइड १० पासून तळातून वर सरकवलं की होम आणि कडेवरून आत सरकवलं की मागे, अशा खुणा फोननेच घेतलेल्या आहेत. म्हणून तळाशी मोकळी पट्टी सोडा. ओळ बाजूला सरकवून काही करायची सोय तर अजिबात नको. एक तर ती मागे जायच्या खुणेशी भांडते. शिवाय पावसाळ्यात एजंट फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरतात. ही काच बोटाच्या विद्युतभारातल्या फरकावर चालते आणि पाण्याचा थेंब तिला बोटासारखाच वाटू शकतो. साधं दाबणं तेवढं बऱ्यापैकी टिकतं.

"दिसत नाही" या तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या वेगळ्या करून घ्या. एक उन्हाची, दुसरी चाळिशीची.

उन्हासाठी पांढऱ्यावर काळं, एवढंच. सुलभतेचा नियम साध्या मजकुराला ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) पुरेसा मानतो, पण भर दुपारी मंडईत तो टिकत नाही. ७ ला १ च्या खाली जाऊ नका. फिकट राखाडी सूचना, फिकट निळ्या रेघा काढून टाका. ऑफिसात बसून डार्क थीम देखणी वाटते, उन्हात मात्र तिच्यात एजंटला स्वतःचाच चेहरा दिसतो. आणि "जमा" हिरवं, "बाकी" लाल एवढ्यावर भागवू नका. काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि उन्हात तो भल्याभल्यांना कळत नाही. शब्द लिहा.

चाळिशीचा उपाय एजंटने स्वतःच केलेला असतो: फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. तुमचं काम त्याचा उपाय न मोडणं. अक्षरांची मापं एसपीत (सेटिंगप्रमाणे लहान-मोठं होणारं अँड्रॉइडचं अक्षरमाप) द्या आणि कुठल्याही चौकटीला ठाम उंची देऊ नका. अँड्रॉइड १४ मध्ये अक्षरं दुप्पट होऊ शकतात. त्याशिवाय "डिस्प्ले साइज" वाढवला की ३६० डीपीचा फोन ३२० किंवा त्याहून अरुंद होतो. दोन्ही एकदम वाढवून सगळ्या स्क्रीन बघा. कीपॅड आणि "जमा करा" बटण त्या अवस्थेतही पूर्ण दिसलं पाहिजे. बाकी काय वाटेल ते खाली सरकू दे.

फॉन्टचं उत्तर सोपं आहे. नोटो सान्स देवनागरी अँड्रॉइडसोबत येतो, तो चांगला आहे. काही कंपन्यांच्या फोनवर लोक थीमसोबत फॉन्टही बदलतात. सगळीकडे एकसारखं दिसायला हवं असेल तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्ता' ॲपमध्येच घाला, तो मुक्त परवान्यात मिळतो. भाषा मराठी असल्याचं ॲपमध्ये नीट नोंदवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतील. खरा घोळ फॉन्टच्या नावापेक्षा ओळीच्या उंचीत असतो. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली जागा लागते, त्यामुळे त्याच मापात ती रोमनपेक्षा बारीक दिसते. मी रोमनला १६ ठेवलं तर मराठीला १८ ठेवतो आणि ओळीची उंची दीडपट. तपासायला "वर्षा कुऱ्हाडे" आणि "कृष्णा सर्वगोड" अशी नावं वापरा. रफार वर कापला जातोय का, ऋकार-उकार खाली कापले जातायत का, लगेच दिसतं. त्यातच "कुऱ्हाडे" मोडून "कुर्हाडे" झालेलं दिसलं तर जुन्या फॉन्टमधला डेटा युनिकोडमध्ये आणताना गडबड झालीय असं समजा. तो डेटाच दुरुस्त करावा लागेल, स्क्रीनवर काही करून भागणार नाही.

नाव कापायचंच असेल, समजा पावतीवर, तर अक्षरं मोजून कापा. "ज्ञानेश्वर" डोळ्याला चार अक्षरी दिसतो, पण संगणकाच्या मोजणीत त्यात दहा चिन्हं आहेत. आठावर कापलंत तर "ज्ञानेश्" उरतो, पाय मोडलेला.

आकड्यांचा एक सापळा खास मराठीचा आहे. ॲपची भाषा मराठी केली की जावा या प्रोग्रामिंग भाषेचं नेहमीचं आकडा छापायचं फंक्शन देवनागरी अंक देतं. हिंदीला देत नाही, त्यामुळे हिंदीत तपासलेलं ॲप मराठीत फसतं. स्क्रीनवर ते छानच दिसतं, पण तीच अक्षरं सर्व्हरला गेली की तिकडे रक्कमच वाचता येत नाही. सर्व्हरला जाणारे, फाइलमध्ये लिहिले जाणारे आकडे भाषेपासून वेगळे ठेवा. स्क्रीनवर देवनागरी अंक की इंग्रजी, हे एजंटांना विचारून ठरवा. कॅल्क्युलेटरवर आणि फोनच्या कीपॅडवर इंग्रजी अंक असल्याने माझा कल रकमेपुरता तिकडे आहे. पण जे ठरेल ते कीपॅडवर, रकमेत आणि पावतीवर एकच असू द्या. आणि स्वल्पविराम लाखाच्या हिशेबाने, १,२५,००० असे.

पावती छापणार असाल तर ती तुमची सर्वांत लहान स्क्रीन समजा. कंबरेला लावायच्या ब्लूटूथ प्रिंटरचा कागद ५८ मिलिमीटर, त्यात छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ ठिपके. या प्रिंटरांत सहसा देवनागरी नसते. मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि घोषवाक्य काढून टाका. नाव, रक्कम, तारीख-वेळ, शिल्लक ठेवा. रक्कम सर्वांत मोठी.

संध्याकाळच्या भरण्याची स्क्रीन वेगळ्या स्वभावाची आहे. इथे एजंट बसलेला असतो आणि त्याला वेळ असतो. पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास, वीस, दहा अशा नोटांपुढे संख्या टाकायची, खाली बेरीज, आणि तिच्याशेजारी दिवसभराच्या नोंदींची बेरीज. फरक असेल तर तो ठळक दाखवा, आणि फरकाएवढ्या रकमेच्या नोंदी दिवसात कोणत्या झाल्या ते खाली काढून द्या. पन्नासचा फरक पडला की एजंट आधी पन्नासच्याच नोंदी चाळतो. ते काम फोनने करावं. नोंद पुसायची सोय मात्र एजंटला देऊ नका. पावती किंवा एसएमएस जाण्याआधी रद्द करता यावी. गेल्यानंतरची दुरुस्ती शाखेतून, उलटी नोंद करून. ते तुमच्या संस्थेच्या नियमांप्रमाणे ठरवा.

तपासणीबद्दल. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक १९९६ मध्ये बाजारात आला, त्याआधी तो बनवणारे जेफ हॉकिन्स त्या मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरायचे आणि भेटी-नोंदी त्यावर केल्यासारखं करायचे. प्रोग्रामिंग सुरू करण्याआधी तुम्हीही स्क्रीन खऱ्या मापात कागदावर छापून जुन्या फोनला चिकटवा आणि एखाद्या एजंटबरोबर त्याच्या फेरीला जा. तो काय म्हणतो यापेक्षा त्याचा अंगठा कुठे जातो ते बघा. मॅनेजरला सोबत नेऊ नका; तो असला की एजंट सगळं छान आहे म्हणतात.

ॲप सुरू झाल्यावर पहिला महिना कार्ड चालू ठेवा, हवं तर एजंटांची कुरकुर सोसा. रोज संध्याकाळी पाच-दहा खातेदारांच्या कार्डावरची रक्कम ॲपमधल्या नोंदीशी ताडून बघा. एकाच दुकानापाशी किंवा एकाच रकमेला वारंवार फरक येत असेल, तर एजंटला जाब विचारण्याआधी रक्कम टाकायची स्क्रीन उघडा आणि तीच नोंद डाव्या अंगठ्याने, उन्हात उभं राहून करून बघा.